टेबल क्रमांक चार, कुताइसी

फॉर्मॅलिनचा वास बोटांतून जात नाही,
लिंबू चोळा, व्हिनेगर चोळा.
नवरा म्हणायचा, त्सिउरी,
तू पाव मोडलास की मेलेल्यांची आठवण येते.

आज नवी मुलं आलीत. बाहेर रिओनी नदी
गढूळ, फेब्रुवारीची.
आत मी बादलीतून दोन्ही हातांनी
त्याला वर काढते,
बाळाला पाण्यातून काढतात तसं.
एक किलो एकशे सत्तर.
कमीच.

"अक्रोड!" पाठीमागून कुणीतरी.
दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. आमच्याकडे
घरटी एक अक्रोडाचं झाड, पोरांचा तरी काय दोष.
पण अक्रोड फोडला तर निदान खाता येतो.
हा फोडलात तर
आत कुणी सापडत नाही.

बघा, कपाळामागचा हा भाग:
बोलायचं, की शब्द गिळायचा, ते इथं ठरतं.
कानांशी ऐकणं, आणि ऐकलेल्याचा अर्थ.
पाहणं मात्र पार मागे, मानेच्या वर.
डोळे पुढे आणि नजर पाठीशी!
डावा उजव्या हाताला हलवतो, उजवा डाव्याला,
मधल्या पांढऱ्या पुलावरून दोघांची ये-जा.
आणि खाली हे देठ, अंगठ्याएवढं:
श्वास, ठोका, झोप.
याला रजा नसते.

मुलं वहीत लिहितात.
मला वहीबाहेरचं ठाऊक आहे.
टेबल चारवरचे हे बस चालवायचे,
कुताइसी ते ओनी, एकतीस वर्षं.

त्यांची मुलगी आली होती, मंगळवारी.
ओव्हरकोट न काढता दारातच उभी.
म्हणाली, शेवटी माझं नाव येत नव्हतं त्यांना.
मला 'अहो' म्हणायचे.
जन्मभर 'अगं' होते मी.
'अहो, तिकीट काढलंत का?'
पण उजवा हात चादरीवर
गिअर बदलत राहायचा,
वळणाला दुसरा, चढाला पहिला,
एकदाही चुकला नाही.
मग विचारलं,
माझं नाव कुठल्या भागात होतं?

मी तिला आत नेलं नाही, तसा नियम आहे.
पावतीच्या पाठीवर काढून दाखवलं:
कानाच्या आत खोल, समुद्रघोड्यासारखा हा बाक,
यांचा सुकला होता, गेल्या सालच्या शेंगेसारखा.
नाव तिथं ठेवलेलं नसतं.
तिथून वाट जाते.
वाट बुजली, एवढं कळतं.
पलीकडचं गाव उरलं होतं का,
ते मला विचारू नका.

आणि हा मागचा, लहान मेंदू.
कापला की आत झाड दिसतं, फांद्यांसकट.
हात शिकतो ते इथं मुरतं.
रस्ता राहिला होता त्यांच्याजवळ.

तिनं पावतीची घडी पाकिटात ठेवली.
जाता जाता म्हणाली,
ओनीच्या अलीकडे एक वळण आहे,
तिथं ते हॉर्न द्यायचे, समोर कुणी नसलं तरी.
घर होतं आमचं.
मी चूल पेटवावी म्हणून.

"बाई, हा कोणता भाग?"
लहान मेंदू, मी सांगते,
आणि हातमोज्यातल्या अंगठ्यानं
किंचित दाबते.

अर्थात, काही वाजत नाही.
टेबल पाच, मी म्हणते, चला.