आधी विचारलेला

हा शिक्का आता तुझा, इल्मा.
मूठ घासून गुळगुळीत झालीय, शाई सोमवारी भरायची.
‘विचारा’ सदराचं टपाल साडेनऊला येतं.
गठ्ठा सोडलास की आधी वास घे:
धुरकट सौनाचा वास आला तर कार्ड बेटांवरचं,
त्याची शाई फुटलेली असते, जपून वाच.

बाकी काम सोपं.
नोव्हेंबर लागला की तोच प्रश्न:
कल्लावेसीवर चालायला बर्फ किती जाड लागतो?
शाळेचा मास्तर विचारतो, जाळी टाकणारा विचारतो,
पलीकडच्या काठावर जिचं कुणी आहे
ती दोनदा विचारते, वेगळ्या नावांनी.
उत्तर खणात आहे, एकोणसत्तरचं, माझ्याच हातचं.
पाच सेंटिमीटर. काळा, सलग. एकट्या माणसाला.
कार्ड उलटं करायचं, शिक्का मारायचा,
जुन्या अंकाची तारीख घालून परत पाठवायचं.
दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

अठरा वर्षं मारला.
राग यायचा, खोटं कशाला बोलू.
वाटायचं, या कुओपिओला
वाचता येतं की नुसतंच लिहिता?

मग एक कार्ड आलं, पेन्सिलीने लिहिलेलं.
बर्फ किती जाड लागतो?
आणि खाली, बारीक:
वडील म्हणतात, चार पुरे.
मी वरची ओळ वाचली.
फक्त वरची.

घाबरू नकोस, कुणी बुडालं नाही.
वसंतात तो पोरगा स्वतःच ऑफिसात आला,
कानटोपी हातात, नाक वाहतंय.
म्हणाला, तारीख मिळाली, पण तो अंक कुठून आणू,
आमच्याकडे जुने पेपर चुलीत जातात.
मग वडिलांना काय सांगितलंस रे?
“सांगितलं, पेपरवाल्या बाई नाही म्हणाल्या.”

माझ्या नावावर एवढं एकच खोटं आहे,
तेही दुसऱ्याने बोललेलं.

शिक्का मार, नाही म्हणत नाही.
दिवसाला साठ कार्डं, हात दोनच.
पण आधी खालची ओळ वाच.
आणि शिक्क्याच्या बाजूला हाताने ‘पाच’ लिही.
तिकीट तेवढंच लागतं.

त्याने ते कार्ड इथेच ठेवलं.
खणात तळाशी आहे,
माझा शिक्का अगदी सरळ उठलाय.
त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय अजून.