धोक्याचा रकाना

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत
चोवीस मागांचं शेड.
मीटर हातात धरून मी मधोमध उभी.
आकडा हलला, डुलला, थांबला.
मी मोठ्यानं म्हणाले, "अठ्ठ्याण्णव!"
कुणालाच ऐकू आलं नाही.
म्हणजे नोंद बरोबर होती.

इथे तेलुगू ओठांवरून वाचतात,
मराठी बोटांवरून.
भूक, पगार, मुलीचं लग्न, सगळं हवेत काढून दाखवतात,
आणि शिवी द्यायला तर एक भुवई पुरते.

गोसकी शेठ म्हणाले, "मास्क दिलेत की मॅडम, खोकं भरून."
खोकं होतं. खरंच होतं.
एका मास्कात शेंगाचटणी बांधलेली,
एक मोटारीच्या तेलात बुडालेला,
एक खिडकीच्या गजाला, कावळ्यासाठी की काय.
माझ्या फॉर्मवर मात्र "मास्क पुरवले: होय".

नरसय्या वंगारी, माग क्रमांक सात.
कांडी संपली की धोटा तोंडाला लावतो
आणि धागा डोळ्यातून ओढून घेतो,
श्वासानं,
लहान मूल उसाचा रस ओढतं तसा.
दिवसातून किती वेळा?
तो हसला. समोरच्या दाताला खाच दिसली,
सुताच्या जाडीची.

त्याच्या आधी तोच धोटा रात्रपाळीच्या तोंडात होता.
याला रकाना नाही.

सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी छाती आवळते,
आठवडा सरता सरता सैल होते,
म्हणून कुणी आजार म्हणत नाही,
"कामाला लागलं की बरं वाटतं" म्हणतात.
यालाही नाही.

राजमणी कांड्या भरते आणि शेड झाडते.
तिनंच मला बाजूला ओढलं, पाण्याच्या टाकीपाशी.
"झाडू फिरला की आधी अकरावाला खोकतो,
मग कोपऱ्यातला अंबादास, मग सातवाला.
वारा तिकडून येतो ना.
मी पाणी शिंपडून झाडत होते,
शेठ म्हणाले ताग्याला डाग पडतो."
चार वर्षांचं माझं शिक्षण
तिनं केरसुणीनं जमिनीवर काढून दाखवलं.

माझे वडीलही मागावरचेच.
त्यांच्याशी अजून उजव्या बाजूनं बोलते.
आमच्या घरात लाडसुद्धा ओरडून केले गेले,
शेजाऱ्यांना वाटायचं भांडतायत.

संध्याकाळी अहवाल लिहिला.
धोट्याला हुक. तोंड नाही.
केर ओला काढणे, ताग्यावर आच्छादन.
पंखा अकराव्याच्या मागच्या भिंतीत, बाहेर फेकणारा.
मागाखाली रबर, झिजलेली चामडी बदलणे.
आणि मास्क
सगळ्यात शेवटी,
वरच्या सगळ्या ओळी भरल्यावर.
शेठनी कागदाची चौघडी केली,
देवाच्या फोटोमागं खोचली.
मला वाटलं, गेला.

अडीच महिन्यांनी परत गेले.
पंखा नव्हता. भिंतीला फक्त खडूचा गोल.
रबर सहा मागांखाली, सातवा त्यात.
त्याच्या शेजारी मीटर धरलं: पंच्याण्णव.
कागदावर तीन म्हणजे काय,
पण आवाजाच्या हिशोबात तीन उतरले की निम्मं ओझं उतरतं,
हे मी शेठना समजावलं. ते म्हणाले, "मग मास्क नकोत ना आता?"

नरसय्याच्या मागाला दोरीनं हुक टांगलेला.
कांडी संपली. त्यानं हुक घातला, धागा बाहेर आला, नीट, कोरडा.
पण ओठ तरीही पुढे आले,
चंबू झाले,
आणि रिकामी हवा ओढून परत गेले.

राजमणीनं कडक भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.
म्हणाली, "बरं झालं बाई.
आता खोकला कुठून सुरू होतो
ते ऐकायला येतं."

आम्ही दोघी गप्प राहिलो.
अकरा.
मग कोपरा.

मी वही उघडली.