देवमाशाला उडता का येत नाही

पिको बेटावर ऑक्टोबरात
रात्री रस्त्यावर पडतात कागार्रोची पिल्लं,
दिव्यांना समुद्रावरचा उजेड समजून
पहिल्याच झेपेत फसलेली.
बेनिल्दनं काल एक उचललं,
बुटांच्या खोक्यात ठेवलं,
झाकणाला पेन्सिलीनं भोकं पाडली
आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं:
आठशे दहा ग्रॅम.
पावापेक्षा थोडं जास्त, तिची आई म्हणाली,
आणि काटा दोनदा पुसून घेतला.

सकाळी कड्यावरच्या दगडी खोपटात
आम्ही तिघं. चौथं खोक्यात.
हातभर लांब फटीतून एर्मिनियू समुद्र बघतो.
आधी शिकारीच्या होड्यांसाठी बघायचा,
आता पर्यटकांच्या बोटींसाठी.
दुर्बीण तीच. फट तीच.
आमची हयात त्यांना पाण्यात पाहण्यात गेली,
असं तो म्हणाला नाही.
तो त्याच्या भाषेत साधंच काही म्हणाला,
माझ्या भाषेत येताना त्याचं हे झालं
आणि मीच चपापले.

आजोबा, देवमाशाला उडता का येत नाही?

वजन, तो म्हणाला.
किती?
ते ठाऊक नाही. अख्खा कुणी तोललाच नाही.
आम्ही पिंपं मोजायचो.
एका मोठ्या नराची चाळीस भरली होती,
तेव्हा तुझा बाप रांगत होता,
घरातल्या दुधालाही तेलाचा वास यायचा.

मी माझं पुस्तकी ज्ञान पुढे केलं:
पक्ष्यांची हाडं पोकळ असतात,
देवमाशाची तेलानं भरलेली.
पण त्याच्या परात, आत, पाच बोटं असतात,
आपल्यासारखीच, पेरांसकट.
बेनिल्दनं आजोबांचा उजवा हात हातात घेतला
आणि मोजला.
तीन.
बाकीची दोन दोरानं नेली,
भाला लागल्यावर दोर सुटतो ना, तेव्हा.
म्हणजे त्याला जास्त, ती म्हणाली.
हो, त्याला जास्त.

मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
खोक्यात खुडबुड.
एर्मिनियूनं दुर्बीण खाली ठेवली.
एकदा एक वाळूवर आला होता, तो सांगू लागला,
पलीकडच्या बेटावर, जिवंत.
अंगावर एक ओरखडा नाही.
आम्ही बादल्या ओतत राहिलो,
पाद्रीबाबासुद्धा झगा खोचून.
तो कशानं मेला माहीत आहे?
स्वतःखाली दबून.
जन्मभर पाण्यानं त्याला कळूच दिलं नव्हतं
आपण किती जड आहोत.
कळलं, आणि संध्याकाळपर्यंत संपला.
मी तेव्हा बाविसाव्या शिकारीवरून परतलो होतो.
आकडा सांगून तो थांबला,
जणू पुढचं वाक्य कुणी दुसऱ्यानं बोलायचं होतं.

तुमच्याकडे त्याला काय म्हणतात? बेनिल्दनं मला विचारलं.
देवमासा, मी सांगितलं. देव, आणि मासा.
पण तो मासा नाही.
नाही.
आणि देव?
एर्मिनियूनं फटीबाहेर बघितलं.

उतरणीवर द्राक्षांच्या काळ्या दगडी बांधांमधून
खोकं छातीशी धरून ती पुढे, आम्ही मागे.
धक्क्याच्या टोकाला तिनं झाकण काढलं.
पिल्लू उडालं नाही.
नुसतं पाण्यावर पडलं, बसलं,
पाय मारत निघालं,
जसं काही उडणं ही नंतर बघू अशी गोष्ट असावी.
आणि दूर, फार दूर,
एक शेपूट वर आली,
पाणी निथळेपर्यंत उभी राहिली
आणि गेली, आवाज न करता.
एर्मिनियूचा हात खिशात गेला होता
काडेपेटी शोधत.
पूर्वी इशाऱ्याचा बाण पेटवायचे ते.
रिकामा हात त्यानं तसाच बाहेर काढला,
तिन्ही बोटं पसरून उन्हात धरला.

मला कळलं, बेनिल्द म्हणाली,
रिकाम्या खोक्याचं झाकण लावत.
त्यांना कुणी धक्क्यापर्यंत आणून सोडलेलंच नाही.
एवढं मोठं खोकंच नसेल
कुणाकडे.