कोड

शारजा, इंडस्ट्रियल एरिया, रात्रपाळी.
बाहेर भिंती अजून तापलेल्या,
आत एसी, शाईचा वास,
आणि पडद्यावर एका कादंबरीची बाई.

पान नऊवर लिहिलंय :
डाव्या ओठाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत
तिच्या गालावर पांढरं बेट आहे,
आणि ती ते झाकत नाही.
(मी वाचतो. प्री-प्रेसवाल्यानं वाचू नये
असं कुठे लिहिलेलं नाही.)
मला आलेली सूचना एका ओळीची : स्किन क्लीन करा.

अशी कव्हरं बरीच केलीत मी.
या बाया पाठमोऱ्या असतात. समुद्राकडे बघतात.
नाहीतर दार अर्धं उघडं, रिकामी खुर्ची,
भाजलेल्या कानावर केसांचा पडदा.
आत दोनशे साठ पानं स्वतःचं तोंड घेऊन वावरतात,
बाहेर बिनचेहऱ्याच्या.
खलनायक असला तर मात्र व्रण अगदी मधोमध,
वर त्याला चकचकीत स्पॉट यूव्ही.

मी पुसलं.
उजव्या गालाची कातडी उचलली, डाव्यावर ठेवली,
परत उचलली. चाळीस मिनिटं.
मध्येच पडदा काळा झाला तर त्यात मी :
डोळ्याभोवती, हनुवटीवर, बोटांच्या पेरांवर
तेच.
मी माउस हलवला.

आई म्हणायची, कोड म्हणजे लाडसुद्धा रे,
कोडकौतुक म्हणतात ना,
आणि मुलगी बघायला जाताना
पूर्ण बाह्यांचा शर्ट इस्त्री करून द्यायची.
रोलाच्या स्टुडिओतल्या कुट्टीकृष्णननं
व्हिसाच्या फोटोत माझे असेच लाड केले,
न विचारता, जादा पैसेही न घेता.
काउंटरवरच्या मुलीनं फोटो बघितला, मला बघितलं,
म्हणाली, हा कोण?

साडेतीनला छपाई लागली.
पहिल्या शीटा रद्दीच्याच, रंग जुळेपर्यंत.
त्यातल्या एकीवर कागदाचा कपटा चिकटून आला,
चारही युनिटांतून तसाच गेला
आणि शेवटी गळून पडला.
तिच्या गालावर, चुकीच्या, उजव्या,
नाण्याएवढी जागा कोरी.
"ये गया," म्हणत गुलजमाननं ती बाजूला फेकली.

एवढ्या वर्षांत हे डोक्यात आलं नव्हतं :
सियान, मॅजेंटा, पिवळा, काळा
हे सगळं उरलेल्या गालासाठी लागतं.
इथे नुसता कागद.
तो आधीपासूनच होता.

पाच हजार प्रती स्वच्छ कातडीच्या निघाल्या.
मी ती शीट घडी न घालता नेली,
कंपनीच्या बसमध्ये, उभ्यानं, छातीशी धरून.
खोलीत सहा पलंग.
वरच्या पलंगावरून सोनवलकर डोळे चोळत म्हणाला,
बहीण का रे?
मी हो म्हणालो.

सेलोटेप कुणाकडेच नव्हती.