बाजार-पावती

मंगळवारी, उजाडायच्या आत,
मी पावतीपुस्तक घेऊन निघतो.
पोतं पसरणाऱ्याला दहा, पाल ठोकणाऱ्याला वीस,
बकरीमागे पाच.
कोंबडीबद्दल ठरावात काही लिहिलेलं नाही,
म्हणून कोंबडीवाला रामराम जरा मोठ्यानं घालतो.

तळेगव्हाणचा बाजार पहिल्यांदा कधी भरला
ते दप्तरात नाही.
दप्तर वाळवीनं खाल्लं, त्याआधी पुरानं,
त्याआधी मालगुजाराच्या भावकीनं.
उरलं ते माणसांच्या तोंडात,
आणि तोंडं खर्र्यानं भरलेली.

बुधाजी मडावी मोहफुलांच्या ढिगामागून सांगतो:
निंबाखालचा हा धोंडा आमच्या राणीचा.
ती स्वतः माप धरून बसायची.
एका सावकारानं अंगठा आत घालून पायली भरली,
अंगठा तिथंच राहिला.
'पाय न बाप्पा, खाच हाय अजून.'
खाच आहे. मी बोट घालून पाहिलंय.
घट्ट बसतं.

डोमाजी तेल्याचं म्हणणं वेगळं.
राणी कसली? आमच्या जुन्या घाण्याचा तळ आहे तो,
हात लावून पाहा, अजून तेलकट लागतो.
तेलकट लागतो खरा.
शनिवारी बायका तेल घालतात.
दोघं तीस वर्षं शेजारी बसतात,
एकमेकांची सुटी मोड भागवतात,
धोंड्याचा विषय निघाला की पाठ फिरवतात.

बैलबाजारात गफूर दलालाला आधी चहा पाजावा लागतो.
त्याच्या आज्यानं अमावसेला दुपट्ट्याखाली सौदा केला.
गिऱ्हाइकाचा हात गार.
बोटं मोजली, सहा.
सहाव्या बोटाचे किती धरायचे
हे कुणी शिकवलेलं नव्हतं.
आजा हिमतीचा. म्हणाला, हे बोट दलालीचं.
सकाळी दावणीला बैल नाही,
शेणात चांदीचे रुपये.
किती, असं विचारलं
की गफूर नुसता दुपट्टा पुढे करतो.

कोंडवाड्यामागे एका गोऱ्याची कबर.
नाव झिजलं, लोक रूईसाहेब म्हणतात.
गाठी मोजता मोजता तापानं गेला,
किंवा विहिरीत पडला,
किंवा पैजेवर पावशेर भिवापुरी मिरची खाऊन गेला.
ही तिसरी गोष्ट सायत्राबाईची.
ती कबरीच्या ओट्यावरच मिरच्या मांडते.
धंद्याचं बोलते म्हणा,
पण पहिली मूठ त्याच्या उशाशी ठेवते,
आणि संध्याकाळी ती मूठही विकते.

गेल्या जेठात नालीचं काम निघालं.
जेसीबीनं धोंडा उचलला.
मी होतो, आणि जेसीबीवाला, तो परगावचा.
खालच्या अंगाला इंग्रजी अक्षरं,
एक बाण, एक आकडा:
कुठल्याशा शहरापासून एवढे मैल.
शहराचं नाव फुटून गेलेलं.
खाच म्हणजे छिन्नी घसरली असेल कुणाची,
दुपारच्या उन्हात, मजुरीवर.

'कुठं टाकू?' त्यानं विचारलं.
मी म्हटलं, होता तसाच ठेव.
अक्षरं खाली.

वडील वसुलीला होते तेव्हापासून
पहिली पावती धोंड्याच्या नावानं फाटते,
दहा रुपये आमच्या खिशातले.
अक्षरं पाहिल्यावरच्या मंगळवारी
हात पुस्तकावर थोडा थांबला.
मग फाडली.

यंदा ऑडिटवाल्यानं त्यावर बोट ठेवलं:
हा धोंडबा मापारी कोण?
एक मंगळवार चुकवत नाही. विकतो काय?
मी म्हटलं, साहेब, जुना माणूस आहे.
विकत काही नाही. बसतो.

त्यानं चष्मा काढला,
खिडकीतून बराच वेळ बाजाराकडे पाहत राहिला,
रकान्यात बरोबरची खूण केली,
आणि विचारलं,
कोंबडीला का नाही?