बदामाची साल

तुलेरी सोडून दक्षिणेला निघालं
की सप्टेंबरात रस्त्यापेक्षा धूळ रुंद असते.
यंत्रं बदामाच्या झाडांची गचांडी धरतात,
चार सेकंद हलवतात, सोडून देतात.
गर जातो बोटीने, लांब कुठेतरी
बर्फीवर बसायला.
कवच जातं गाईंच्या अंगाखाली, अंथरूण म्हणून.
साल येते आमच्याकडे, ट्रक भरून,
जुन्या चपलेच्या रंगाची, किंचित गोड.

आमच्याकडे म्हणजे आवेलिनो बोर्बाच्या डेअरीवर.
गाई अठराशे. नावाने मी एकीलाही ओळखत नाही.
मी त्यांचं ताट वाढते, कागदावर:
मका इतका, लसूणघास इतकं, सरकी मूठ-दीड मूठ,
रस गेल्यावर उरलेला संत्र्याचा लगदा,
टोमॅटोच्या कारखान्यातल्या बिया,
आणि बदामाची साल, गाईमागे दोन किलो.
माणसांनी हात धुऊन उठावं
आणि तिथून यांची पंगत बसावी, असं हे खातं.

या महिन्यात दुधाचं फॅट घसरलं.
तीन पॉइंट नऊवरून तीन पॉइंट चार.
आवेलिनोने तक्ता माझ्यापुढे ठेवला, हॅटने झाकला,
पुन्हा उघडला. आकडा तोच होता.
"तुझी साल," तो म्हणाला.
"पूर्वी ती उचलायचे बागवाले मला पैसे द्यायचे.
आता मी देतो, आणि वर हे."

शाळेत चोथा हा एका मार्काचा प्रश्न होता.
जे पचत नाही ते. पोट साफ ठेवतं.
पुढचं कुणी विचारलं नाही:
चोथा नसेल तर गाय रवंथ करीत नाही,
रवंथ नाही तर लाळ नाही,
लाळ नाही तर पोटात आंबट चढतं
आणि साय पातळ होते.

पहाटे चारला चाळणी घेऊन गव्हाणीपाशी बसले.
प्लास्टिकची, तीन मजल्यांची.
वर लांब काड्या, मध्ये भरड, तळाशी पीठ.
मिक्सर चालवणारा एउसेबियो बघत होता,
आपण कशात सापडणार या काळजीने.
सहाला उरलेलं पुन्हा चाळलं.
वरचा मजला दुप्पट.
साल बिचारी कधीच खाऊन झाली होती.
उरलं होतं गव्हाचं काड, वीतभर लांब,
ताटाच्या कडेला कढीपत्ता काढून ठेवावा
तसं नाकाने सारलेलं.
४४१७ नंबरने तर माझ्यादेखत
जिभेने खड्डा खणला, तळचा मका उपसला
आणि काड शेजारणीच्या अंगावर उडवलं.

भुकेला कोंडा, म्हणतात.
म्हण रचणाऱ्याने
पोट भरलेली गाय पाहिली नसावी.

काड दोन बोटं कापायला सांगितलं.
वरून थोडं पाणी, म्हणजे सगळं सगळ्याला चिकटेल.
एउसेबियोने पाती बदलली, शीळ घालत.
पात्यांचे पैसे आवेलिनोने माझ्या नावावर लिहिले,
मग खोडले, पण वाचता येतील असे.

अकराव्या दिवशी दुपारी शेडमध्ये गेले.
पंख्यांखाली गाई बसल्या होत्या, बदामाच्या कवचांवर.
एकीसमोर उकिडवी बसले, मोजायला.
गळ्यातून गोळा वर चढताना दिसला.
माझ्या पलीकडे कुठेतरी बघत ती चावत राहिली.
छप्पन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न.
गिळलं. थांबली.
दुसरा गोळा.

आवेलिनो मागे कधी येऊन उभा राहिला कळलं नाही.
तीन पॉइंट आठ, हे त्याने सांगितलं नाही.
म्हणाला, बागवाल्याने सालीचा भाव वाढवलाय,
टनाला अकरा डॉलर.

मी बोट वर केलं, थांब म्हणून.
एकोणचाळीस, चाळीस.