वस्तीची गाडी

तीन चाळीस.
गजर लावावाच लागत नाही हल्ली.
दुर्वाचे डोळे टक्क उघडे,
बंदरात उभ्या ट्रॉलरांच्या दिव्यांसारखे,
कुणासाठी पेटलेत कळत नाही,
विझत नाहीत एवढं खरं.

सासूबाई पदर खोचत येतात,
"जा गो तू, मी बगतंय."
त्यांनीही रात्रभर तेच बघितलेलं असतं.
मी खाकी चढवते.
बिल्ला लावताना पिन बोटात जाते,
तेवढीच जाग.

सहा महिन्यांनी डेपोत पाऊल टाकलं तेव्हा
टेबलामागून साळसकर म्हणाले,
"या मॅडम, आराम झाला ना भरपूर?"
मी सही केली. वेबिल घेतलं.

मशीनचा पट्टा खांद्यावर नेमका तिथे रुततो
जिथे ती रात्री डोकं ठेवते, आणि उचलते, आणि ठेवते.
जामसंडे. कुणकेश्वर.
कातवण ते मिठबाव मी उभ्यानं झोपते,
एक हात दांडीवर, एक दोरीवर.
दोरीवरचा हात जागा असतो.
आचऱ्याला हिशेब सतरा रुपयांनी कमी.
खिशातून भरते. कालही सतराच.
झोपेचं भाडं असेल
तर स्वस्तच म्हणायचं.

आणि गाडीत काय, सगळी पोरं झोपतात!
हिंदळ्याला चढलेलं एक
पहिल्या गचक्यालाच गप्प.
खिडकीचा पत्रा थडथडतोय, इंजिन घरघरतंय,
हे तोंड उघडं टाकून ढाराढूर.
सुटे पैसे मागावेत तसं मी त्याच्या आईला विचारते,
"रोज असंच झोपतं?"
"नाय ओ! खंयचा झोपता! ह्या गाडयेतच काय ता."
मी तिचे दोन रुपये परत देते
आणि एकाएकी फार माया येते तिची.

ते बाळ रडत नाही, तरी माझ्या अंगाला कळतं.
खाकीवर डाव्या बाजूला ओल,
आधी रुपयाएवढी, मग बशीएवढी.
मशीन छातीशी धरून मुणग्याची तिकिटं काढते.
सुनंदा कुबल, रोजची, पायाशी बांगड्यांची टोपली,
पिशवीतला धुवट टॉवेल काढून माझ्या खांद्यावर टाकते.
"घाम पूस गो," म्हणते मोठ्यानं,
मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.
डिसेंबरात. सकाळी सातला.

गुरुवारी बोर्डावर नाव लागलं. वस्तीची गाडी.
बायकांना सहसा देत नाहीत, पण माणसं कमी.
मेस्त्री ड्रायव्हर गाडीतच आडवे झाले,
मला परबांच्या माजघरात चटई, उशी, गोधडी.
सात तास. कुणी रडणार नाही.

न्हाणीत जाऊन स्टीलच्या पेल्यात दूध पिळलं
आणि ओतून द्यायला हात होईना.
पेला घेऊन अंगणात उभी राहिले, वेड्यासारखी.
शेवटी जास्वंदीच्या मुळाशी.
मग नवऱ्याचा फोन.
"ऐक ना, आठलाच झोपली. आपली आपण."
"बरं झालं," मी म्हणाले.

समुद्र तिथून दिसत नव्हता,
नुसता ऐकू येत होता,
न कंटाळता कुणाला तरी थोपटत.
मी या कुशीवरून त्या कुशीवर.
म्हणजे मी नव्हते
म्हणून झोपली?

तीन चाळीस.
अंधारात मी उठून बसलेली,
मांडी घातलेली, हात रिकामे.
तीन बेचाळीसला फोन थरथरला.
"उठली गं. टक्क."
मागून तिचा आवाज, कुरकुर नव्हे,
कुणाशी तरी चाललेली बाचाबाची.
"अरेरे," मी म्हणाले,
आणि उशीत तोंड खुपसून हसले,
परबांच्या घरात कुणी जागं होऊ नये म्हणून.

सव्वापाचला मेस्त्रींनी गाडी सुरू केली.
मी दोन टोले दिले.
त्या दिवशी हिशेब बरोबर लागला.

नाही, खोटं कशाला.
नऊ रुपये कमी होते.